लग्नाच्या जुन्या कॅसेट्स डीव्हीडीवर घेताना: व्हीसीआर, रेकॉर्डर आणि टीव्हीची जोडणी

कॅसेट डीव्हीडीवर घ्यायचं काम खान्देशात करायचं तर दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात चांगला. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा दोन-तीन तास सलग चालणारं मशीन तापतं आणि आतली फीतही तापते. पावसाळ्यात हवा दमट झाली की फीत मशीनमधल्या फिरत्या ड्रमला चिकटण्याची भीती असते. लग्नसराईत "हळदीच्या दिवशी आईबाबांचं लग्न पडद्यावर दाखवायचंय" म्हणून एप्रिलमध्ये धावपळ करणारे बरेच असतात. तशी वेळ आलीच तर निदान सकाळी लवकर बसा.

घरातल्या कपाटात व्हीएचएस कॅसेट्स पडून आहेत, व्हीसीआर किंवा व्हीसीपी कुठून तरी मिळाला आहे, डीव्हीडी रेकॉर्डरही हाताशी आहे, पण मागची भोकं आणि पिना बघून हात थांबतो, अशांसाठी हे लिहितो आहे. आधी कधी वायर जोडली नसेल तरी चालेल.

एक गोष्ट आधी सांगतो. नवे व्हीसीआर आता कुठेच बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं आणि तो धंदा संपला. आज जे चालू मशीन आहे ते बंद पडेपर्यंतच आपल्याला मुदत आहे. आणि या कॅसेट्समध्ये नुसती वरात आणि पंगत नाही. हळद लावताना आज्या-मावश्यांनी म्हटलेली अहिराणी गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी त्यांच्या आवाजात आहेत. त्यातल्या कितीतरी बायका आता नाहीत आणि ती गाणी कुणी लिहूनही ठेवलेली नाहीत. त्यामुळे चित्राइतकंच आवाजाकडे लक्ष द्या, असं माझं पहिल्यापासून सांगणं आहे.

मशीन कोणतं चालेल

पूर्वी आपल्याकडे पुष्कळ घरांत व्हीसीआर नव्हता, व्हीसीपी होता, म्हणजे नुसता कॅसेट वाजवणारा प्लेयर. या कामाला तो अगदी योग्य. त्याला रेकॉर्डिंग येतच नाही, त्यामुळे चुकून जुनं शूटिंग पुसलं जाण्याचा धोका नाही. व्हीसीआर असेल तर मात्र प्रत्येक कॅसेटचं एक काम आधी करा. लेबल चिकटवतात त्या कडेच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी चौकोनी पट्टी असते. ती असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने तोडून टाका. पट्टी तुटलेली असली की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्ड करत नाही. कुणी त्या जागी चिकटपट्टी लावून ठेवलेली असेल तर ती काढा, कारण चिकटपट्टी लावली की मशीन पुन्हा रेकॉर्ड करायला मोकळं होतं.

परदेशातल्या नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर मागचा व्होल्टेजचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथली कित्येक मशीन्स ११०-१२० व्होल्टची असतात, आपल्या २३० व्होल्टवर लगेच जळतात.

डीव्हीडी रेकॉर्डर म्हणजे डीव्हीडी प्लेयर नव्हे. मागे 'इन' लिहिलेली भोकं आणि पुढे रेकॉर्डचं बटण असेल तरच तो रेकॉर्डर. नवा मिळणं आता अवघड आहे. जुना घेताना दुकानातच एक कोरी डिस्क टाकून पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा, कारण डिस्क वाचता येते पण लिहिता येत नाही अशी मशीन्स बाजारात खूप फिरतात. वायर आणि पिना जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोडवर सहज मिळतील. तीन रंगांच्या पिनांच्या दोन एव्ही (ऑडिओ-व्हिडिओ) कॉर्ड घ्या, एक व्हीसीआर ते रेकॉर्डर आणि दुसरी रेकॉर्डर ते टीव्ही. शक्य तितक्या आखूड आणि जरा जाड घ्या.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी

नवशिके घाई करतात ती इथेच. धाब्याच्या घरात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर वीस-पंचवीस वर्षं पडलेली कॅसेट तशीच मशीनमध्ये ढकलू नये. आधी तिच्या पारदर्शक खिडकीतून रिळं बघा. फितीच्या कडांवर पांढरट ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. मग बाजूचं बारीक बटण दाबून पुढची झडप उघडा आणि उजेडात फीत बघा. चांगली फीत काळी-तपकिरी आणि गुळगुळीत चमकते. बुरशी असेल तर ती कॅसेट बाजूला ठेवा, मशीनमध्ये घालू नका. ती बुरशी हेडवर, म्हणजे ड्रमवरच्या फीत वाचणाऱ्या बारीक भागावर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट साफ करण्याचं काम वेगळं आहे, ते जाणत्या माणसाकडे द्या.

बाकीच्या कॅसेट्स एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड करून पूर्ण रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एकाच जागी गुंडाळलेली फीत एकीकडे सैल, एकीकडे घट्ट झालेली असते. अशाने ती पुन्हा सारखी बसते. थंडीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा गार खोलीतली कॅसेट किंवा मशीन एकदम उबदार खोलीत आणलं तर लगेच चालवू नका. तासभर तिथेच राहू द्या, ओल धरलेली असते.

वाजवून बघायला म्हणून लग्नाचीच कॅसेट घेऊ नका. टीव्हीवरून उतरवलेला एखादा जुना कार्यक्रम, काहीही चालेल, ज्याचं काही बिघडलं तरी दुःख होणार नाही अशी कॅसेट आधी घाला. मशीनने ती नीट ओढली, चालवली आणि बाहेर दिली की मगच महत्त्वाची.

चित्रावर पांढरे फराटे किंवा नुसत्या मुंग्या दिसल्या तर हेड घाण आहे. क्लीनिंग कॅसेट मिळाली तर तिने थोडा वेळ साफ करा. मशीन उघडून साफ करायचं तर प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कोरा पांढरा कागद फिरत्या चकचकीत ड्रमला हलकाच टेकवा आणि दुसऱ्या हाताने ड्रमच वरून धरून हळूहळू फिरवा. कागद वर-खाली अजिबात घासायचा नाही. हेडचं टोक केसाइतकं नाजूक असतं, उभ्या घासणीने ते तुटतं आणि मग मशीन भंगारात. कानात घालायची कापसाची काडीही नको, तिचे धागे अडकतात. हात थरथरत असेल तर मेकॅनिककडे न्या.

आता जोडणी

सगळ्यांचे प्लग काढलेले असू द्या. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, होम थिएटर आणि इतर सगळ्या वायरी सध्या बाजूला करा. नवशिक्यांचा गोंधळ जास्त करून त्या गर्दीतच होतो.

जोडणीचं तत्त्व केळीच्या बागेत पाणी नेण्यासारखं आहे: विहिरीवरच्या मोटरीतून पाणी टाकीत येतं आणि टाकीतून ठिबकला जातं. इथे व्हीसीआर ही मोटर, रेकॉर्डर ही टाकी आणि टीव्ही हे शेवटचं ठिबक. उलटं पाणी जात नाही. म्हणून वायरीचं एक टोक नेहमी आधीच्या मशीनच्या 'आउट'मध्ये आणि दुसरं टोक पुढच्या मशीनच्या 'इन'मध्ये.

पहिली वायर घ्या. व्हीसीआरच्या मागे 'व्हिडिओ आउट' आणि 'ऑडिओ आउट' शोधा. पिवळी पिन व्हिडिओ आउटमध्ये, पांढरी डाव्या आवाजाच्या भोकात, लाल उजव्या आवाजाच्या. काही जुन्या वायरींत पांढऱ्याच्या जागी काळी पिन असते, काम तेच. पिन किंचित फिरवत पूर्ण आत दाबा, अर्धवट बसलेली पिन हेच निम्म्या तक्रारींचं कारण असतं. याच वायरीचं दुसरं टोक रेकॉर्डरच्या 'इन'मध्ये, तोच रंग तोच रंग. बऱ्याच रेकॉर्डरला पुढच्या बाजूला झाकणाखालीही इन असतं, कॅमेऱ्यासाठी दिलेलं. तिथे जोडलं तरी चालतं, मागे हात पोचत नसेल तर उलट तेच सोयीचं. कुठे जोडलं ते मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी वायर रेकॉर्डरच्या 'आउट'मधून टीव्हीच्या 'इन'मध्ये. झाली जोडणी.

रेकॉर्डरच्या मागे हिरवी, निळी आणि लाल अशी आणखी तीन भोकं असतील. ती कंपोनंट व्हिडिओची, त्यांतल्या लालमधून आवाज जात नाही, चित्राचाच एक भाग जातो. ऑडिओची लाल पिन तिथे खुपसली गेली की एका बाजूचा आवाज गायब होतो. तेवढं बघा.

व्हीसीआरला चार बारीक भोकांचं गोल एस-व्हिडिओ सॉकेट असेल आणि रेकॉर्डरलाही तसंच इन असेल तर पिवळ्या पिनऐवजी ती वायर वापरा, रंग जरा स्वच्छ येतात. तिच्यातून आवाज जात नाही, पांढरी आणि लाल पिन तशीच लागते. मात्र बहुतेक साध्या घरगुती मशीन्सना हे सॉकेट नसतं, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

जुना व्हीसीपी असेल आणि त्याला ऑडिओ आउटचं एकच भोक असेल तर तो मोनो आहे. तिथून एकच पांढरी पिन जोडली तर डिस्कवर आवाज फक्त डाव्या बाजूला उतरतो. दुकानात 'वाय' पिन मागा, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दोन. तिने रेकॉर्डरच्या पांढऱ्या आणि लाल दोन्ही भोकांत आवाज द्या. हळदीच्या गाण्यांची कॅसेट घेताना हे चार-पाच मिनिटांचं काम टाळू नका.

टीव्ही नवा असेल तर

नव्या एलईडी टीव्हीच्या मागे तीन रंगी भोकं दिसत नाहीत म्हणून लोक टीव्ही बदलायच्या गोष्टी करतात. तसं करायची गरज नाही. काही टीव्हींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि शेजारी 'एव्ही इन' लिहिलेलं असतं. त्यासाठी एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगी सॉकेट असलेली वायर लागते. या वायरींत आतला क्रम कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे चित्राऐवजी गुरगुर आली तर रंगांची अदलाबदल करून बघा. काही टीव्हींत पिवळी पिन हिरव्या भोकातच बसवायची असते, त्याच्याभोवती पिवळी कड किंवा दोन्ही नावं असतात.

रेकॉर्डरला एचडीएमआय आउट असेल तर सरळ एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा, तोच सगळ्यात सोपा मार्ग. दोन्हीही नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. दुकानात दोन प्रकार अगदी सारखे दिसतात, एक एव्हीचं एचडीएमआय करतो, दुसरा एचडीएमआयचं एव्ही. आपल्याला पहिला हवा. त्याला यूएसबीमधून ५ व्होल्ट वीज द्यावी लागते, चार्जर चालतो.

आणि लक्षात घ्या, टीव्ही इथे फक्त बघण्यासाठी आहे. रेकॉर्डिंग रेकॉर्डरमध्ये होतं. चित्र एकदा नीट येतं याची खात्री झाली की टीव्ही बंद केला तरी डिस्कवर काम चालू राहतं.

पहिलं चित्र आणायचं

सगळ्यांना वीज द्या, शक्यतो इन्व्हर्टरवरून किंवा यूपीएसवरून. आपल्याकडे गावात लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर ती डिस्क बहुतेक वाया जाते. इन्व्हर्टर साधा असेल तर आवाजात घुंईऽऽ असा सूर येऊ शकतो. तसं झालं तर लाइनवर करा, पण लाइट टिकण्याची वेळ बघून.

टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून जिथे वायर लावली ते निवडा. आता रेकॉर्डरचा मेनू दिसायला हवा. नाही दिसला तर दुसरी वायर तपासा, व्हीसीआरचा यात संबंध नाही. मग रेकॉर्डरच्या रिमोटवर इनपुट सिलेक्ट दाबत जा. पडद्यावर 'एव्ही १', 'एल १' किंवा 'लाइन २' अशी नावं येतील. पुढच्या भोकात जोडलं असेल तर पुढच्याचं, मागे असेल तर मागच्याचं नाव निवडायचं. काही मशीन्समध्ये इनपुटचं बटणच नसतं, तिथे चॅनेल १ च्या खाली गेलं की ही नावं येतात. आता व्हीसीआरवर कॅसेट चालू करा. चित्र आलं पाहिजे.

चित्राच्या खालच्या कडेला दोन-तीन रेघांची थरथरणारी पट्टी दिसली तर घाबरू नका. ती व्हीएचएसमध्ये असतेच, जुन्या टीव्हीच्या चौकटीत लपायची, एलईडीवर उघडी पडते. चित्र फाटत असेल तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग (हेड फितीवर नीट जुळवायचं बटण) वर-खाली करून सगळ्यात शांत चित्र जिथे येतं तिथे सोडा. फीत थोडी खराब आली की काही मशीन्स अख्खा पडदा निळा करतात, मेनूत 'ब्लू बॅक' असेल तर तो बंद ठेवा. मुंग्यांमागे दिसणारी आजी चालेल, निळा पडदा नको.

चित्र नुसतं काळं-पांढरं किंवा घसरत असेल तर कॅसेट कुठली आहे बघा. आपली पद्धत पाल, ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतली पद्धत एनटीएससी, ५२५ रेघा आणि साधारण ३०. अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट वाजवणारा व्हीसीआरही तसा लागतो आणि रेकॉर्डरच्या मेनूतही एनटीएससी निवडावं लागतं.

रेकॉर्डिंग

मशीन कोणती डिस्क घेतं ते त्याच्या पुढच्या भागावर छापलेलं असतं. पहिला प्रयोग पुन्हा पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर करा. ती फॉरमॅट करताना 'व्हिडिओ मोड' आणि 'व्हीआर मोड' असं विचारलं तर व्हिडिओ मोड घ्या. व्हीआर मोडची डिस्क बऱ्याच साध्या प्लेयरमध्ये चालत नाही. खऱ्या कामाला एकदाच लिहिली जाणारी आर डिस्क वापरा.

मग दर्जा. साध्या ४.७ जीबी डिस्कवर 'एक्सपी'मध्ये १ तास मावतो, 'एसपी'मध्ये २, 'एलपी'मध्ये बऱ्याच मशीन्सवर ४. ई-१८० कॅसेट ३ तासांची असते, म्हणून लोक एलपी लावून एका डिस्कमध्ये कोंबतात. माझा सल्ला तसा नाही. वरातीत बँडपुढे नाचणारी माणसं, उडणारी फुलं, फिरते दिवे, अशा हलत्या चित्रात एलपीवर चौकोन-चौकोन दिसू लागतात आणि ते पुन्हा कधी निघत नाहीत. दोन डिस्क घ्या, एसपीवर ठेवा. हळद आणि मांडव एका डिस्कवर, लग्न, पंगत आणि पाठवणी दुसरीवर, असं तोडलं तर बघायलाही बरं पडतं. एक्सपीची गरज मला वाटत नाही, व्हीएचएसमध्ये मुळात तेवढा तपशील नसतो.

कॅसेट सुरुवातीला आणा. आधी रेकॉर्डरवर रेकॉर्ड दाबा, पाच सेकंद थांबा, मग व्हीसीआरवर प्ले. उलटं केलं तर सुरुवातीचा गणपती आणि नावं तुटतात. कॅसेट चालू असेपर्यंत कुठलीच वायर हलवू नका आणि पहिली दहा मिनिटं तरी समोर बसा. फीत एखाद्या जागी अडकून कुरकुर आवाज आला तर लगेच थांबवता येतं.

बाजारातल्या चित्रपटाची कॅसेट घातली तर रेकॉर्डर 'कॉपी करता येत नाही' असा संदेश देऊन थांबतो. तो बिघाड नाही, त्या कॅसेटमध्येच तसं संरक्षण घातलेलं असतं, आणि अशा कॉप्या करणं कायद्यातही बसत नाही. पण घरच्या झिजलेल्या कॅसेटवरही कधी तोच संदेश येतो, कारण खराब सिग्नल मशीनला तसा भासतो. तेव्हा हेड साफ करा, ट्रॅकिंग बदला किंवा दुसऱ्या व्हीसीआरवर चालवून बघा.

कॅसेट छोटी, कॅमेऱ्याची असेल तर आधी तिचं नाव वाचा. व्हीएचएस-सी असेल तर तिच्यासाठी मोठ्या कॅसेटच्या आकाराचा अॅडॉप्टर असतो. एट किंवा हाय-एट असेल तर व्हीसीआरमध्ये बसवणारा कुठलाच अॅडॉप्टर नाही. तिचा कॅमेरा मिळवून त्याची एव्ही वायर रेकॉर्डरच्या पुढच्या भोकांत जोडा.

डिस्क बंद करणं

रेकॉर्डिंग संपलं की डिस्क तशीच काढून घेऊ नका. मेनूत 'फायनलाइज' असतं, ते केल्याशिवाय आर डिस्क दुसऱ्या प्लेयरमध्ये किंवा संगणकात बहुतेक वेळा चालत नाही. त्याला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ बटण दाबू नका. एकदा फायनलाइज झालेल्या आर डिस्कवर पुढे काही घालता येत नाही, म्हणून आधी सुरुवात, मध्य आणि शेवट आवाजासह बघून घ्या.

मग ती डिस्क संगणकात टाकून आतलं 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर पूर्ण कॉपी करा. आत व्हीओबी नावाच्या मोठ्या फाइली असतात, त्या व्हीएलसीसारख्या प्लेयरमध्ये थेट चालतात. घरी लिहिलेली डिस्क आपल्या उन्हाळ्यात काही वर्षांत साथ सोडू शकते. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक भावाकडे किंवा बहिणीकडे पेन ड्राइव्हमध्ये असू द्या. डिस्कवर लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करने, बॉलपेनने नाही.

शक्य असेल तर घरातल्या एखाद्या जाणत्या काकू-मावशीला शेजारी बसवून एकदा सगळं बघा. ज्या मिनिटाला गाणं सुरू होतं तो वेळ, गाणारीचं नाव, तिचं माहेरगाव आणि गाण्याची पहिली ओळ वहीत उतरवा आणि त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

कॅसेट फेकू नका. पूर्ण रिवाइंड करून, खोक्यात घालून, पुस्तकासारखी उभी ठेवा. जागा पत्र्याखालची किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेली नसावी, आणि शेजारी स्पीकर किंवा मोटर नसावी, कारण लोहचुंबकाने फितीवरचं पुसलं जातं.